चरित्राच्या साच्यात न मावणारा कालवा : नीरा खोऱ्यावरील लेखनाचे चिकित्सक वाचन

नीरा डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि बारामतीचा गूळ दूरच्या बाजारपेठांना जोडला गेला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे नवे धरण पूर्ण झाले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर इंदापूर तालुक्यात कळंब येथे साखर कारखाना उभा राहिला व वालचंदनगर वसले. १९३८ मध्ये नीरा उजवा कालवाही तयार झाला. बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत लागणारे, पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे निमगाव केतकी हे गाव या साऱ्या घडामोडींच्या मधोमध वसलेले आहे. साठ-सत्तर वर्षे जगलेल्या एखाद्या शेतकऱ्याने तेथे मोटेची बागायत पाहिली, पाटाचे पाणी पाहिले, लोखंडी चरक पाहिला आणि अखेरीस कारखान्याचे धुराडेही पाहिले, असे म्हणण्यास काहीच हरकत नाही. प्रश्न आहे तो हा शेतकरी आपल्या लेखनात कोठे आढळतो हा.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील राजकीय, आर्थिक व तांत्रिक स्थित्यंतराविषयी लिहिताना मराठी लेखकांनी चरित्र व आत्मकथन या प्रकारांचा मोठा आधार घेतला आहे. शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’, गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे इंग्रजीतील ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ (१९५१) हे आत्मकथनही आपल्याकडे याच कुळातले म्हणून वाचले जाते. या लेखनाचे मोल कमी लेखता येत नाही. सुशिक्षितांची नजर सरकारी नोकरी आणि वकिली यांच्यावर खिळलेली असताना यंत्र आणि उद्योग हे गंभीर लेखनाचे विषय होऊ शकतात, हे या ग्रंथांनी दाखवून दिले. तथापि त्यांचा एक साचा आहे. एक द्रष्टा पुरुष, त्याच्या वाटेतील अडथळे, त्याची जिद्द आणि शेवटी यश, असा तो साचा. या साच्यात सामान्य शेतकऱ्याला एकच भूमिका उरते, ती म्हणजे नव्या गोष्टीवर अविश्वास दाखवण्याची.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची प्रसिद्ध हकिकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपेना, ही गोष्ट आता शालेय पाठांपर्यंत झिरपली आहे. ती खोटी आहे असे नव्हे. परंतु ती विकणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. खोल जाणारा लोखंडी नांगर ओढण्यास बैलांची अधिक ताकद लागते, एकच बैलजोडी असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याने ती कोठून आणायची? लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ मोडला तर गाठायचे कोणाला? या शंका अंधश्रद्धेच्या खात्यात टाकल्या की चरित्रनायकाचे यश उजळते आणि शेतकऱ्याचा हिशेब मात्र झाकला जातो.

नांगराला निदान एक निर्माता होता. कालव्याची गोष्ट त्याहून अवघड आहे, कारण कालव्याला नायक नाही. तो दुष्काळातून जन्मला, खात्याने बांधला, अनेक अभियंत्यांच्या हातून गेला. पाटकऱ्यांनी, आडत्यांनी, खंडाने जमीन घेणाऱ्यांनी, गुळव्यांनी आणि ओल्या जमिनीत राबणाऱ्या बायकांनी त्याला आजचे रूप दिले. म्हणूनच नीरा खोऱ्यावरील काही वेगळ्या जातीचे लेखन चरित्रांच्या शेजारी ठेवून वाचावे लागते.

फुले ते विश्वेश्वरय्या

कालव्यावरील मराठी टीकेचा आरंभ जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पासून धरावा लागेल. हा ग्रंथ १८८३ चा, म्हणजे नीरा कालव्याचे पाणी वाहू लागण्याच्या थोडा आधीचा. खडकवासल्याच्या मुठा कालव्याचा अनुभव मात्र तोवर पुणे परिसराला आला होता. पाण्याचे दर, वेळेवर न मिळणारे पाणी आणि पाटबंधारे खात्यातील गोऱ्या-काळ्या अधिकाऱ्यांची बेफिकिरी यांवर फुले कोरडे ओढतात. त्याचबरोबर ते उपायही सुचवतात. ठिकठिकाणी लहान बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, गाळ शेतकऱ्यांना मिळावा, शेतकऱ्याला गरजेनुसार पाणी मोजून देण्याची सोय असावी. येथे महत्त्वाची बाब अशी की फुले कालव्याच्या विरोधात नाहीत. पाणी कोणाच्या हाती आणि ते केव्हा मिळणार, हा त्यांचा प्रश्न आहे. ‘असूड’चे पहिले दोन भाग छापल्यावर ‘दीनबंधू’ने पुढील भाग छापणे थांबवले, आणि संपूर्ण ग्रंथ फुले यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. जो काळ कालव्याच्या पाण्याचे नियम ठरवत होता, त्याच काळात त्या नियमांवरील सर्वांत धारदार मराठी टीका वाचकांपर्यंत पुरती पोहोचत नव्हती.

दख्खनचे कालवे सरकारी परिभाषेत ‘संरक्षक’ होते. अवर्षणात ज्वारी-बाजरीचे पीक वाचावे, दुष्काळ निवारणावरील खर्च टळावा, हा त्यांचा हेतू. पण बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीसाठी पाणी विकत घेण्यास शेतकरी उत्सुक नसे आणि दुष्काळात सर्वांनाच एकदम पाणी हवे असे. खात्याला नियमित उत्पन्न हवे होते, ते बारमाही पिकातून, म्हणजे उसातून मिळणार होते. अशा रीतीने दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाकडे वळला. ऊस कालव्याच्या वरच्या अंगाला साठला. वरच्या जमिनींत पाणी अति झाले आणि खालच्या गावांना ते अपुरे पडू लागले.

या पेचावर विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. त्या वेळी ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते आणि १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाचे काम चालू होते. ओलिताचे क्षेत्र ठरावीक ब्लॉकमध्ये एकत्र करायचे, त्यात तीन वर्षांच्या फेरपालटीने उसाला एक हिस्सा द्यायचा, उरलेल्या भागात हलकी पिके घ्यायची आणि अशा ब्लॉकांची वाटणी अधिकाधिक गावांत करायची, असे तिचे थोडक्यात स्वरूप. पाण्याची नासाडी व जमिनीची खराबी टाळून लाभ पसरवण्याची ही कल्पना होती. अभियंत्याच्या बुद्धीचा हा उत्तम नमुना होय, यात शंका नाही.

आत्मकथनात मात्र ती एका बुद्धिमान अधिकाऱ्याची सूचना म्हणून येते. वाचकाने येथे क्षणभर थांबून खानदेशाकडे पाहावे. पांझरा व इतर नद्यांवरील फड पद्धतीत गावकरी शिवाराचे फड पाडून एका फडात एका प्रकारचे पीक घेत, फडांची फेरपालट करत आणि पाण्याची पाळी आपसांत ठरवत. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे नाशिक-खानदेश भागातच गेली. एवढ्यावरून त्यांनी कल्पना उचलली असे सिद्ध होत नाही आणि तसे सिद्ध करण्याची गरजही नाही. साम्य मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. फरकही तितकाच बोलका आहे. फडात पाळी गाव ठरवी, ब्लॉकमध्ये ती खाते ठरवू लागले. तंत्र जवळपास तेच राहिले आणि अधिकार मात्र गावाकडून कचेरीत गेला. चरित्राच्या साच्यात हा बदल दिसत नाही, कारण तेथे ‘कोणी शोधले’ हा प्रश्न ‘कोणाच्या हाती गेले’ या प्रश्नावर मात करतो.

नेमकी हीच गोष्ट १९१९ च्या सुधारणांनंतर राजकीय पातळीवर घडली. द्विदल राज्यपद्धतीत शेती आणि सहकार ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली गेली, पाटबंधारे मात्र राखीव राहिले. मंत्री पतपेढीला उत्तेजन देऊ शकत होता, पाण्याच्या पाळीला हात लावू शकत नव्हता. ब्राह्मणेतर चळवळीचे प्रतिनिधी कायदेमंडळात शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे मांडू लागले, तेव्हा ज्या पाण्यावर त्या शेतकऱ्यांचे भवितव्य ठरणार होते ते त्यांच्या कक्षेबाहेर होते. पुढील काळात पश्चिम महाराष्ट्रातील राजकारण पतपुरवठा आणि सहकारी संस्था यांच्याभोवती का गुंफले गेले, याचा एक धागा येथे सापडू शकतो.

एक कोरडे पत्रक

हॅरॉल्ड मॅन हे नाव मराठी अभ्यासकांना ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ (१९१७) या पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे परिचित आहे. त्यापूर्वी १९१० मध्ये त्यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर मुंबईच्या शेतकी खात्यासाठी एक पत्रक लिहिले होते. मातीचे नमुने, भूजलाची पातळी, क्षारांचे प्रमाण असा त्याचा विषय. त्यात नायक नाही, अडथळे नाहीत, यशाची कमान नाही. साहित्याच्या अंगाने पाहिले तर ते अगदी नीरस लेखन म्हणावे लागेल. पण कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षे होत असताना बागायतीची जमीन चोपण होऊ लागल्याची दखल शास्त्रीय पातळीवर घ्यावी लागली, हे त्यातून कळते. या नोंदीच्या तोडीची नोंद विकासाच्या गौरवकथांत सहसा आढळत नाही. संशोधनात एका भारतीय रसायनज्ञाचे नाव बरोबरीने छापले गेले, हेही त्या काळाच्या संदर्भात नोंदवण्यासारखे आहे.

अर्थात या पत्रकालाही मर्यादा आहे. ते जमिनीकडे पाहते, जमीनवाल्याकडे नाही. खराब झालेले शेत कोणाचे होते, त्याने नंतर काय केले, शेजाऱ्याच्या उसाचा पाझर आपल्या शेतात उतरला म्हणून दाद मागण्याची काही सोय होती काय, हे प्रश्न मातीच्या पृथक्करणातून सुटत नाहीत.

सातबाराची साक्ष

डोनाल्ड ॲटवुड या मानवशास्त्रज्ञाचा ‘रेझिंग केन : द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ शुगर इन वेस्टर्न इंडिया’ (१९९२) हा ग्रंथ या सर्व लेखनात अधिक समाधानकारक ठरतो. साखरेचे अर्थकारण, कालव्याचा इतिहास आणि गावातील जमिनीच्या नोंदी यांची त्यात सांगड घातलेली आहे. बारामती परिसरातील एका गावाच्या १९२० ते १९७० या काळातील नोंदी तपासून ॲटवुड यांनी एक रूढ समज तपासून पाहिला. नगदी पीक आले की बडे शेतकरी अधिक बडे होतात आणि लहान शेतकरी भूमिहीन होतात, हा तो समज. नोंदींतून दिसले ते चित्र निराळे होते. अनेक बड्यांच्या जमिनी घटल्या, काही लहान शेतकरी आणि काही भूमिहीनही वर आले. हा निष्कर्ष वादग्रस्त ठरला यात नवल नाही.

या ग्रंथातील अधिक मोलाचा भाग खंडाविषयीचा आहे. कालव्याचे पाणी आले तेव्हा स्थानिक जमीनवाल्यांपैकी अनेकांना उसाची शेती परवडणारी नव्हती. अठरा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या आडसाली उसाला पेंड, खत, मजुरी, गुऱ्हाळाचा खर्च असे मोठे भांडवल आधी घालावे लागे, आणि बागायतीचा सराव लागे तो वेगळाच. हा सराव सासवड भागातील माळी शेतकऱ्यांकडे होता. विहिरीच्या बेताच्या पाण्यावर भाजी, ऊस, फुले पिकवण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. ते नीरा कालव्यावर आले, स्थानिकांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांनी ऊस लावला आणि गूळ केला. येथे जमीनवाला दुर्बल आणि खंडकरी सबळ असा उलटा प्रकार दिसतो. कुळकायद्याच्या चर्चेत ‘कूळ म्हणजे गरीब’ हे गृहीत धरून चालणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील तेजी आणि त्यानंतरची मंदी यांत गुळाचा भाव चढला-उतरला तसे अनेकांचे नशीब फिरले. तरी याच माळी बागायतदारांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी स्वतःच्या मालकीची सासवड माळी शुगर फॅक्टरी माळशिरस तालुक्यात काढली. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे नाव सर्वतोमुखी आहे, त्याआधी उभा राहिलेला उत्पादकांचाच हा कारखाना मात्र तुलनेने विस्मृतीत गेला. त्याला एकच एक नायक नव्हता, हे त्याचे एक कारण असावे काय?

त्याच दशकात त्याच तालुक्यांत खंडाचा दुसरा प्रकारही रूढ झाला. खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन मोठाले मळे उभारले. या व्यवहारात घेणारा सबळ होता आणि देणारा दुर्बल. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर हे मळे सरकारकडे आले, १९६३ मध्ये त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, आणि मूळ जमीनवाल्यांचा ‘खंडकरी शेतकरी’ म्हणून लढा अनेक दशके चालू राहिला. एकच शब्द, ‘खंड’, पण एका बाजूला वर चढण्याची शिडी आणि दुसऱ्या बाजूला जमीन हातची जाण्याची वाट. उद्योजकांच्या चरित्रांत कारखान्याची उभारणी येते, पण खंडपत्रावर अंगठा उठवणाऱ्याची बाजू येत नाही. वालचंदांच्या धडाडीविषयी आदर बाळगूनही ही उणीव दाखवावी लागते.

ॲटवुड यांच्या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. जमिनीची नोंद ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याविषयीच बोलते. ज्याचे नाव तीत कधीच आले नाही, त्याच्या बाबतीत ती मुकी असते. चुलवाणापाशी रात्र काढणारा जाळव्या, हंगामापुरते आलेले ऊसतोड कुटुंब, खुरपणी करणारी बाई यांना या पुराव्यात प्रवेश नाही. स्त्रीचे नाव फेरफारात येते ते बहुधा वारस म्हणून, श्रम करणारी म्हणून नव्हे. वतनी जमिनींचा प्रश्न तर निराळाच होता. महार वतनात सुधारणा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, यावरून त्या जमिनींशी जोडलेल्या सक्तीच्या सेवेचे ओझे ध्यानात येते. हे ओझे क्षेत्राच्या आकड्यांत दिसत नाही.

निमगाव केतकीकडून पाहताना

आणखी एक आक्षेप स्थानाचा आहे. बारामतीचा परिसर निमगाव केतकीच्या मानाने कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. ज्या गावाला पाणी आधी मिळते तेथे लहान शेतकरी वर येण्याची शक्यता अधिक. पाळी लांबल्यावर ज्यांच्या वाट्याला पाटाचे कोरडे तळ येते, त्यांच्या गावातही जमिनीच्या नोंदी तेच सांगतील, असे गृहीत धरता येत नाही. एका गावाच्या साक्षीवर संपूर्ण कालव्याचा निवाडा करणे धोक्याचे आहे. ॲटवुड यांचा निष्कर्ष चुकीचा ठरतो असे येथे म्हणावयाचे नाही. तो शेपटाकडच्या गावांत पडताळून पाहिल्याशिवाय त्याची व्याप्ती कळणार नाही, एवढेच.

निमगाव केतकीचे पानमळे येथे विशेष उपयोगी ठरतात. नागवेलीला थोडे पण वारंवार पाणी लागते, सावली लागते, आधाराला शेवरी-पांगाऱ्यासारखी झाडे लागतात, वेल उतरवून पुन्हा लावण्याची कुशलता लागते. ही शेती कालव्याच्या दीर्घ पाळीवर चालत नाही, तिचा जीव विहिरीत असतो. जुन्या महसुली भाषेत ‘मोटस्थळ’ आणि ‘पाटस्थळ’ असे दोन शब्द होते. मोटस्थळ म्हणजे विहिरीवरची बागायत, पाटस्थळ म्हणजे पाटावरची. हा शब्दभेदच सांगतो की कालवा येण्यापूर्वी हा प्रदेश केवळ कोरडा, दुष्काळी माळ नव्हता. येथे बागायतीचे ज्ञान होते, जरी तिचे क्षेत्र थोडे असले तरी. खात्याचे अहवाल आणि त्यांच्या आधारे लिहिलेली चरित्रे हा प्रदेश पाण्याविना निरक्षर असल्यासारखा रंगवतात, ही त्यांची मोठी चूक होय. सासवडच्या माळ्यांचे यशही याच मोटस्थळाच्या शिदोरीवर उभे होते.

कालव्याचा आणि विहिरीचा संबंध याहून गुंतागुंतीचा आहे. पाटातून आणि भिजलेल्या शेतांतून झिरपणारे पाणी सखल, निचरा नसलेल्या ठिकाणी जमीन चोपण करते. तेच पाणी अन्यत्र विहिरींचे झरे वाढवते. मॅन आणि तम्हाणे ज्याला दोष म्हणून मोजतात, ते एखाद्या विहीरवाल्याच्या दृष्टीने लाभ ठरू शकते. या लाभाचा पाणीअर्ज नसतो, त्याची आकारणी कालव्याच्या वहीत तशी येत नाही, आणि म्हणून तो इतिहासातही येत नाही.

याच संदर्भात मुळशीची आठवण अपरिहार्य आहे. जिल्हा तोच, दशकही तेच. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह झाला. सेनापती बापटांसारखे नेतृत्व त्याला लाभले, विनायकराव भुस्कुट्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, पुढे राजेंद्र व्होरांनी त्याचा सखोल अभ्यास केला. भाटघरचे नवे धरण त्याच काळात बांधले जात होते. पण मराठी वाङ्मयीन स्मृतीत त्याला मुळशीसारखे स्थान नाही. मुळशीत संघर्ष होता, नायक होता, पराभव होता, म्हणजे कथनाला लागणारे सारे होते. नीरेवर रोजची पाळी होती, अर्ज होते, गुळाची ढेप होती, आडत्याची पट्टी होती. पहिल्या प्रकारच्या सामग्रीवर ग्रंथ होतात आणि दुसऱ्या प्रकारची सामग्री दप्तरात पडून राहते.

हे दप्तर मात्र पूर्ण हरवलेले नाही. फेरफार नोंदी, सात-बाराचे जुने उतारे, सोसायट्यांच्या खतावण्या, आडत दुकानांच्या चोपड्या, कोर्टातील खंडाचे दावे आणि पानमळेवाल्या घरांतील वृद्धांच्या आठवणी, असे साहित्य इंदापूर-बारामतीच्या परिसरात मिळण्यासारखे आहे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल आणि मराठी या चार विभागांनी ते एकत्र बसून वाचले, तर निमगाव केतकीच्या एका विहिरीची गोष्टही लिहिता येईल. ती कोणी खणली, कालवा आल्यावर तिचे पाणी किती हातांनी वर आले, तिच्यावर पानवेल किती वर्षे टिकली आणि ऊस कोणत्या साली आला, एवढे चार मुद्दे जुळवण्यापासून सुरुवात होऊ शकते.